उचला, पुसा, ठेवा

आमच्या गोल्फच्या मॅडम आमच्याकडे पाठ करून बसायच्या. घाटंजीच्या बाहेर त्यांच्या भावाच्या वावराला लागून दोन एकर पडीत होतं. त्याच्या कडेला बाभळीखाली एक दगड, दगडावर मॅडम, मांडीवर सूप आणि सुपात तूर. मागे आम्ही चौघी चेंडू मारत असायचो. काठी चेंडूला लागल्याचा आवाज आला की त्या मान न वळवता सांगायच्या, “उजवीकडं गेला. नाल्याच्या अलीकडं पडला.” आणि चेंडू तिथंच सापडायचा.

पहिल्या आठवड्यात मी नुसतं हेच पाहत होते. मला वाटलं, कुणीतरी खूण करत असणार. पण समोर फक्त त्यांच्या भावाची बैलजोडी होती आणि ती काही खूण करत नव्हती. मॅडम आवाजावरून ओळखायच्या. काठीच्या मधोमध लागला तर वेगळा, टोकाला लागला तर वेगळा, आधी ढेकूळ आणि मग चेंडू असं झालं तर अगदीच वेगळा. तसा आवाज आला की त्या सूप पाखडणं थांबवून म्हणायच्या, “वावर वखरून झालं असंन तर चेंडूही मारा एखादा.”

मी त्या चौघींत कशी आले, ते सांगायला हवं. माझ्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, शेतीही आहे. पण बारावीपर्यंत मी यवतमाळला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले. पदवीसाठी गावी परत आले, तेव्हा कॉलेजात माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. खरं म्हणजे बोलायला सगळ्या होत्या, मलाच बोलता येत नव्हतं. मराठीत एकोणसाठ म्हटलं की मी अजूनही मनात थांबते. म्हणून मी ग्रंथालयात बसायचे, खिडकीकडे तोंड करून.

एक दिवस मॅडम आत आल्या. कॉलेजात सगळे त्यांना खेळाच्या मॅडम म्हणायचे. पायात कॅनव्हासचे बूट, साडी थोडी वर खोचलेली, डाव्या पायाने किंचित लंगडत. ग्रंथपालांना म्हणाल्या, “इंग्रजी शाळेतली पोरगी कोणती?” ग्रंथपालांनी माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी माझ्यापुढे एक पातळ, कडा झिजलेलं पुस्तक ठेवलं.

“हे वाचून सांगशील मले? मराठीत?”

मला वाटलं एखादं पान असेल. ते गोल्फच्या नियमांचं आख्खं पुस्तक होतं. मी दोन वर्षं ते वाचत होते. आणि वाचता वाचता कधीतरी त्यांनी माझ्या हातात काठी दिली.

मॅडमचं स्वतःबद्दल बोलणं तुकड्यातुकड्यांत यायचं, तूर निवडताना. त्या तांड्यावरच्या. शाळेपासून कबड्डी खेळायच्या, कॉलेजकडून विद्यापीठाच्या संघात गेल्या, तिथं गुडघा गेला. मग त्याच कॉलेजात खेळ शिकवायला लागल्या. एका वर्षी विद्यापीठाकडून खेळांची यादी आली. त्यात महिला गोल्फ असा एक रकाना होता आणि आसपासच्या कुठल्याच कॉलेजने तो भरला नव्हता. त्या वेळचे खेळप्रमुख हसून म्हणाले होते, “हा रकाना आपल्यासाठी नाही, हा साहेब लोकांचा.” मॅडमनी घरी जाऊन विचार केला की जिथं रांगच नाही तिथं आपल्या पोरी उभ्या केल्या तर काय बिघडते.

शिकायला त्या नागपूरला दहा दिवसांच्या शिबिराला गेल्या. तिथं बाकी सगळे पुरुष. पहिल्या सकाळी एकाने त्यांच्या हातात स्वतःची काठ्यांची पिशवी दिली, त्याला वाटलं ह्या सामान उचलणाऱ्या.

“मंग? तुम्ही काय म्हटलं?” ढाणकीच्या मुलीने विचारलं. आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायचो. एक ढाणकी, एक मुकुटबन, एक पांढरकवडा. मला मात्र कोणी घाटंजी म्हणत नसे. मी इंग्रजीवाली.

“काय म्हणणार? उचलली. दहा दिवस उचलली,” मॅडम म्हणाल्या. “मारणाऱ्याले फक्त आपला चेंडू दिसते. पिशवीवाल्याले सगळ्याईचे दिसते.”

असं शिकून त्या आल्या आणि अकरा वर्षं शिकवत राहिल्या. गुडघा वळत नाही म्हणून त्या स्वतः कधी फटका मारून दाखवायच्या नाहीत. मी तर त्यांना काठी नीट धरतानाही पाहिलं नव्हतं. तरी आमच्या हातांत ती उतरत होती, आणि ते कसं, हे मला आजही पुरतं सांगता येत नाही.

उदाहरणार्थ, मान. फटका मारताना डोकं हलता कामा नये असं पुस्तकात दीड पान आहे. मी ते वाचून दाखवलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरून एक चुंबळ आणि पाण्याने भरलेला तांब्या आणला. तांब्या डोक्यावर ठेवून अर्धा फटका मारायचा. मुकुटबनच्या मुलीने पहिल्याच दिवशी मारला, थेंब सांडला नाही. ती दोन घागरी डोक्यावर घेऊन बांधावरून चालत आलेली मुलगी. मी दोन महिने रोज भिजून घरी जात होते. आई विचारायची, “तुम्हांला गोल्फ शिकवतात की पोहणं?”

मोठ्या मैदानावर होलभोवती, म्हणजे चेंडू पाडायच्या खड्ड्याभोवती, जिथं मऊ हिरवळ असते, त्या जागी आमच्याकडे शेणाचं सारवण होतं. दर रविवारी आम्ही चौघी ते गोल अंगण सारवायचो, मधे रंगाचा रिकामा डबा पुरलेला. वाळलं की चेंडू त्यावरून ताटातल्या वाटाण्यासारखा घरंगळायचा. रस्त्याने जाणाऱ्या बाया थांबायच्या. “काय वो पोरीहो, वावरात आंगण करून राह्यल्या, घर कधी बांधता?” मॅडमचा भाऊ तर रोज काहीतरी म्हणायचा. “बाई, डबा पुरून अकरा वर्षं झाले, अजून पाणी नाही लागलं का?” मॅडम म्हणायच्या, “लागंन. तू बैल आवर.”

आणि आमचा एक नियम होता. उचला, पुसा, ठेवा.

काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पावसात ती चेंडूला अशी चिकटते की चेंडूचा लाडू होतो. हिवाळा लागला की जमीन भेगाळते आणि उन्हाळ्यात एकेका भेगेत कोपरापर्यंत हात जातो. भेगेतला चेंडू तसाच मारायला जावं तर काठी दगडावर बसते, आणि चौघींत मिळून आमच्याकडे नऊच काठ्या होत्या. दहावी तशीच मोडली होती. म्हणून मॅडमनी नागपूरच्या भर पावसातल्या शिबिरात पाहून घालून दिलेली पद्धत अशी: चेंडूच्या जागेशी तुरीची काडी खोचायची, चेंडू उचलायचा, ओढणीला पुसायचा, काडीशी नेमका परत ठेवायचा. बोटभरही इकडे तिकडे नाही. त्यात त्या फार कडक होत्या. काडी नसेल तर कानातलं काढून ठेवा म्हणायच्या. दिवसातून शंभर वेळा आमचे हात ते करायचे. श्वास घ्यावा तसं.

आता मला माझी गोष्ट सांगावी लागेल. पुस्तकात लिहिलं होतं की चेंडू जिथं आणि जसा पडला तिथून तसाच खेळायचा. होलभोवतीच्या हिरवळीवर किंवा खास परवानगी असेल तिथंच उचलून पुसता येतो; एरवी उचलला तर एक फटका दंड. ते पान आलं तेव्हा ग्रंथालयात मी आणि मॅडम दोघीच होतो. माझं बोट त्या ओळीवर होतं. तेवढ्यात शिपाई आला, प्राचार्यांनी बोलावलंय म्हणाला, आणि मॅडम गेल्या. परत आल्या तोवर मी पान उलटलं होतं.

मागे जाता आलं असतं. मी गेले नाही. इतकी वर्षं जी बाई हे शिकवते आहे तिला मी, काल आलेली मुलगी, काय सांगणार? आणि सांगून वावरातल्या भेगा थोड्याच बुजणार होत्या? मी मनाशी म्हटलं, हे वावरापुरतं आहे, खऱ्या मैदानावर जायची वेळ आली की सांगू. मला गप्प राहायला नेहमीच चांगलं कारण सापडतं.

ती वेळ माझ्या दुसऱ्या वर्षी आली. विद्यापीठाच्या संघाची निवड नागपूरच्या एका मैदानावर होती. पहिल्या पाच मुली संघात. प्राचार्य सरांनी मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं की अकरा वर्षांत एक मुलगी लागली नाही, या वर्षी पाचात एक तरी दिसली नाही तर पुढच्या वर्षी गोल्फच्या प्रवेशअर्जावर त्यांची सही मिळणार नाही. मॅडमनी हे आम्हांला एकदाच सांगितलं, तेही बूट घालता घालता. पण त्या महिन्यात सुपातली तूर तशीच राहायची, आणि त्या नुसत्या ऐकत बसायच्या.

नागपूरला गवत पाहून मुकुटबनने बूट काढले आणि पाय ठेवून पाहिला. “एवढं पाणी कुठून आणतेत वो मॅडम?” मॅडम कडेला उभ्या होत्या. वाकून त्यांनी उलट्या हाताने ते गवत चाचपलं, ताप पाहावा तसं. मग म्हणाल्या, “मऊ हाय. घाबरू नका. ढेकळात मारणाऱ्याईले हे काय जड जाते?” इतक्या वर्षांत त्या इथं कितीदा तरी मुलींना घेऊन आल्या होत्या. स्वतः एक होलही खेळल्या नव्हत्या.

एकामागून एक नऊ होल खेळायचे होते, कमीत कमी फटक्यांत. तीन-तीन मुलींचे गट. शिकवणाऱ्यांनी दोरीच्या बाहेर राहायचं, बोलायचं नाही. माझ्याबरोबर शहरातल्या दोन मुली होत्या, हातमोजे घातलेल्या. त्यांच्याशी काय बोलावं या काळजीत माझे पहिले पाच होल गेले. सहाव्या होलवर मी चेंडूपाशी गेले, कानातलं काढून गवतात ठेवलं, चेंडू उचलला, ओढणीला पुसला. ओढणीवर काहीच लागलं नाही. चेंडू स्वच्छच होता.

मी त्या कोऱ्या ओढणीकडे पाहत राहिले आणि मला पुस्तकातली ती ओळ आठवली. मी हे सकाळपासून करत होते. त्या दोघींनी पाहिलं असेल तर त्यांना वाटलं असेल आज परवानगी आहे. कोणी काही म्हणालं नव्हतं. दोरीच्या बाहेर मॅडम उभ्या होत्या आणि मी कानातलं नीट ठेवलं म्हणून समाधानाने मान हलवत होत्या.

खेळ संपल्यावर टेबलापाशी कार्डं द्यायची होती. सही करून एकदा कार्ड दिलं की झालं. मुकुटबनचे एक्कावन्न फटके झाले होते. फळ्यावर तोवर लागलेल्या आकड्यांवरून ती तिसरी येत होती. ढाणकी तिच्या गळ्यात पडून नाचत होती. पांढरकवडा पाण्याची बाटली घेऊन आली होती आणि ती कोणी घेत नव्हतं. मॅडमचा हात मुकुटबनच्या पाठीवर होता. तो मी पाहिला नसता तर बरं झालं असतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “आपण उचलतो ते चालत नाही.”

“काय चालत नाही?”

“चेंडू. उचलून पुसणं. नियम आहे. दर वेळेला एक फटका दंड.”

ढाणकी नाचायची थांबली. मुकुटबन म्हणाली, “आत्ता कळलं का तुले?”

“नाही,” मी म्हटलं. “मागच्या वर्षी वाचलं होतं.”

“वर्षभर तोंड शिवून बसली होती काय वो तू? आन् आज बोलून राह्यली? माहा नंबर लागल्यावर?” तिचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता. “कोणी पाह्यलं तरी का? कोणी पाह्यलं?”

मी मॅडमकडे पाहिलं. आता त्या माझ्यावर ओरडतील किंवा हळूच म्हणतील की राहू दे, कार्ड देऊन या. मी दोन्हीची तयारी केली होती. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याची वाट पाहत होते. अकरा वर्षं होती ती. एका आकड्यावर उभी.

मॅडमचा हात मुकुटबनच्या पाठीवर तसाच होता. त्यांनी एकच विचारलं.

“किती वेळा?”

मला नाही, तिला. आणि मुकुटबन, जी क्षणापूर्वी मला खायला उठली होती, तिने डोळे पुसले आणि ती होल आठवत बोटांवर मोजायला लागली. “दुसऱ्यावर एकदा. चौथ्यावर दोनदा, त्या झाडापाशी. सातव्यावर…” ती थांबली. मॅडम थांबल्या. “सातव्यावर दोनदा. आठव्यावर एकदा. बाकी जागी चेंडू गवतावर मोकळा होता, हात नाही लावला. सहा.” त्या दोघींना हे न करण्याचा विचार सुचलाही नव्हता. मी बाजूला उभी राहून पाहत होते. देवळाच्या गाभाऱ्यात नकळत बूट घालून गेल्यासारखं मला झालं.

मॅडम आम्हांला घेऊन टेबलापाशी गेल्या. तिथल्या पंच बाईंनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “उचलून तिथंच ठेवला होता?”

“तिथंच,” मॅडम म्हणाल्या. “बोटभर हलला असंन तर मले सांगा. ते मी शिकवलेलं हाय. उचलणंही मीच शिकवलं. पोरीईची चूक नाही.”

पंच बाईंनी पेन पुढे केलं. मुकुटबनने स्वतःच्या हाताने एक्कावन्नचे सत्तावन्न केले. ती आठवी आली.

परतीच्या बसमध्ये मॅडम माझ्याशेजारी बसल्या. वर्धा नदीचा पूल गेला. मग म्हणाल्या, “काहून नाही सांगितलं?”

“तुम्हांला कसं सांगायचं…”

“मी वाघ हाय का?”

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मले इंग्रजी वाचता येत नाही,” त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “माह्या डोळ्याच्या जागी तुले बसवलं होतं. डोळ्यानं लाजायचं नसते, पोरी.” जरा वेळाने त्यांनी पिशवीतून चिवड्याचा पुडा काढला आणि माझ्यापुढे धरला. “उद्यापासून पुन्हा वाचू. पह्यल्या पानापासून. मी विचारीन तेवढंच नाही. जे लिहिलं हाय ते सगळं.”

दोन दिवसांनी प्राचार्य सरांनी बोलावलं. पुस्तक घेऊन मीही गेले, दाराशी उभी राहिले.

“कितवा नंबर?” सरांनी विचारलं.

“आठवा.”

“पाचात पाहिजे होता ना?”

“हो सर. तिसरा आला होता. आम्ही कापला.”

सरांनी चष्मा काढला. “कापला म्हणजे?”

मॅडमनी सगळं सांगितलं. काडी, ओढणी, काहीही न वगळता. सर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू अविश्वासाने लांब झाला.

“म्हणजे मॅडम, अकरा वर्षं तुम्ही पोरींना जो खेळ शिकवला, तो गोल्फ नव्हताच?”

“पुरता नव्हता, सर.”

“आणि हे तुम्ही मला स्वतः येऊन सांगून राहिल्या? सही पाहिजे म्हणून?”

“हो सर. आत्ता कुठं शिकवायला सुरुवात करायची हाय. सुरू होण्याआधी बंद कसा करता?”

सरांनी चष्मा परत घातला. मग दाराकडे पाहून मला म्हणाले, “तू काय पाहतेस? आत ये. ते पुस्तक आण इकडं. कुठं लिहिलंय ते दाखव.” मी ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, ओठ हलवत. मग अर्ज ओढला, सही केली आणि मॅडमकडे न पाहता म्हणाले, “पुढच्या वर्षी मला आठवा नको आणि असली गोष्टही नको.”

त्या संध्याकाळी आम्ही वावरात गेलो, तेव्हा मॅडम सूप घेऊन दगडावर बसल्या नाहीत. एका रुंद भेगेत त्यांनी चेंडू टाकला. अर्धा दिसत होता, अर्धा नाही.

“आता हा असाच मारायचा.”

“काठी मोडंन,” ढाणकी म्हणाली.

“मंग आठ उरतीन.”

मुकुटबन नागपूरपासून माझ्याशी बोलली नव्हती. ती काठीवर रेलून माझ्याकडे वळली. “काय वो इंग्रजीवाली, तुह्या पुस्तकात भेगेचं काय लिहिलं हाय?”

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. “मारता येत नसेल तर एक फटका दंड घ्यायचा,” मी म्हटलं, “आणि चेंडू बाहेर टाकायचा. तेव्हा उचलून पुसलाही चालतो.”

“आणि मारता येत असंन तर?” मॅडमनी विचारलं.

“तर मारायचा.”

मॅडमनी मुकुटबनच्या हातातून काठी घेतली. पदर खोचला, बरा पाय भेगेच्या पलीकडे रोवला, दुखरा अलीकडे ठेवला. पहिल्या फटक्याने चेंडू आणखी खाली गेला. दुसऱ्याने ढेकूळ उडालं. बांधावरून भाऊ ओरडला, “बाई, इहीर खोदायची असंन तर मशीन बोलावू!” त्यांनी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या, चौथ्या फटक्याला त्यांच्या तोंडून गुडघ्याची कळ बाहेर पडली, पण मान हलली नाही. डोक्यावर तांब्या असता तर भरलेलाच राहिला असता. पाचव्या फटक्याला मातीचा एवढा लोट उठला की आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. त्या अंधारात मी तो आवाज ऐकला. काठीच्या मधोमध, स्वच्छ, आमच्यापैकी कुणाच्याच हातून कधी न आलेला.

माती खाली बसली. मॅडम काठीवर भार देऊन उभ्या होत्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळ्या. “कुठं गेला?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्या आम्हांला विचारत होत्या.

कोणी पाहिला नव्हता. मी दोन वर्षं त्यांच्या मागे उभी राहून ऐकत होते. “डावीकडं,” मी मोठ्याने म्हटलं. “नाल्याच्या अलीकडं.”

आम्ही पाचही जणी शोधायला निघालो. चेंडू उजवीकडं सापडला, दुसऱ्या एका भेगेच्या काठावर, मातीने माखलेला. मुकुटबनने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसली. मग आम्ही त्याच्याभोवती उभ्या राहिलो. कोणी उचलला नाही.